सुतळीचा उंट

निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मला सोळावं लागलं होतं. माहेर उदगीरचं. वडील शाळेत मास्तर होते, आई मी नऊ वर्षांची असताना गेली, आणि त्या धामधुमीच्या काळात वयात आलेली मुलगी घरात ठेवायला वडील घाबरले. हळ्ळीखेडचं स्थळ आलं. आमच्याच लिंगायतातलं, घरचं गूळ-मिरचीचं दुकान, मुलगा हैदराबादला सरकारी कचेरीत कारकून. बघायला आलेल्या बायकांपुढं वडिलांनी मी विणलेलं क्रोशाचं तोरण ठेवलं. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं, मागची बाजूही स्वच्छ आहे असं म्हणाल्या, आणि माझं लग्न ठरलं.

क्रोशा मला शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवला होता. आई गेल्यावर मी दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसायची, तेव्हा मला गुंतवायला म्हणून त्यांनी सुई हातात दिली. क्रोशाची सुई मी सासरी उघडपणे नेली. लपवून नेलं ते एक पुस्तक. वडिलांच्या एका स्नेह्यांनी ते सोलापूरहून आणून दिलं होतं. परक्या मुलखातल्या अद्भुत गोष्टी कुणीतरी मराठीत आणलेल्या. पहिली काही पानं गळून गेलेली होती, त्यामुळं पुस्तकाचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. लग्न झालेल्या बाईनं असलं पोरांचं पुस्तक बाळगणं शोभत नाही हे मला कळत होतं. म्हणून ते जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातलं.

भालकीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही हळ्ळीखेडला पोचलो. आठव्या दिवशी यजमान हैदराबादला निघून गेले. तिथं ते चार जणांत एक खोली घेऊन राहत होते, बायकोला न्यायला जागा नव्हती. जाताना म्हणाले, "घर चांगलं हाय. अव्वाला कामात मदत कर. मी दिवाळीला येतो."

घर चांगलंच होतं. फक्त ते कानडी होतं. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. दुकानामुळं त्यांना मराठी, कानडी, उर्दू तिन्ही सारख्याच येत, पण ते दिवसभर दुकानात असत. सासूबाई म्हणजे अव्वा, कानडीत आई. त्यांना मराठी थोडीफार समजायची, बोलायच्या नाहीत. मला कानडीतलं "बा" म्हणजे ये आणि "ऊटा" म्हणजे जेवण, एवढंच येत होतं. आमच्या उदगिरातही कानडी बोलणारी घरं होती, पण आमच्या घरात आई-वडील दोघंही मराठीच बोलत. अव्वा काही सांगायच्या, मी चुकीचं भांडं उचलून आणायची, त्या काही न बोलता ते परत ठेवायच्या आणि स्वतः उठायच्या. कुणी मला टाकून बोललं नाही. पण दिवसचे दिवस माझ्या तोंडून चार-पाच शब्दांपलीकडं काही निघायचं नाही. कधी कधी मागच्या अंगणात मी हळूच मराठीत काहीतरी म्हणायची. "ऊन किती पडलंय." नुसता आपला आवाज ऐकायला.

घरात आणखी एक जण होतं. यजमानांची धाकटी बहीण, सात वर्षांची. चार वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. ती दिवसभर माजघराच्या उंबऱ्याशी बसून असायची. तिला भरवलं जायचं, न्हाऊ घातलं जायचं, धरून आणलं-नेलं जायचं. कुणी काही करू देत नसे. अव्वा येता-जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, पण तिच्याशी बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही.

दुपारी कामं उरकली की मी माजघरात बसून विणायची. आषाढातली गोष्ट. पाण्याच्या घागरीवर घालायचा एक मोठा गोल रुमाल महिनाभर विणत आणला होता, शेवटची झालर तेवढी राहिली होती. मी पाणी प्यायला उठले. परत येऊन पाहते तर ती मुलगी माझ्या जागेवर बसलेली, सुई बाजूला पडलेली, आणि तिच्या हातात दोऱ्याचं टोक. क्रोशाचं विणकाम एका टोकानं ओढलं की सरसर उसवतं. एकेक टाका सुटताना बोटांना बारीक हिसका बसतो. तो हिसका तिला आवडला होता. ती ओढत होती आणि हसत होती. अर्ध्याहून जास्त रुमाल उसवून तिच्या मांडीवर दोऱ्याचा ढीग झाला होता.

मी ओरडले. मराठीतच ओरडले. मग मला रडू फुटलं, आणि ते रुमालासाठी नव्हतं. मुलीनं घाबरून दोरा सोडला. थोड्या वेळानं तिनं हात पुढं केला, माझा गुडघा चाचपला, मग हात वर नेत माझा चेहरा चाचपला. ओला लागल्यावर तिनं बोटं परकराला पुसली आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं तेच पुन्हा विचारलं. दुकानातून अप्पा कशासाठी तरी आत आले होते, ते दारात उभे राहिले.

"काय विचारायली ती?" मी डोळे पुसत म्हटलं.

"विचारायली, तुला कुठं लागलं म्हणून," अप्पा म्हणाले. मग आत येत, "लेकरू हाय. रागावू नको."

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बसवलं आणि दोरा तिच्या हातात दिला. तिच्या बोटांवरून माझी बोटं ठेवून साखळी घातली. एक, दोन, तीन. तिनं कानडीत मोजलं, तसंच मी मोजलं. अशी माझी कानडीची शाळा सुरू झाली.

ती किती पटकन शिकते हे पाहून मला त्या पुस्तकाची आठवण झाली. त्यात मिठाच्या वाळवंटातला एक पंखांचा उंट होता. त्याला उडता यायचं, पण उडताना त्याचे लांब पाय लोंबकळत आणि खालची माणसं हसत, म्हणून तो लाजून पायीच चालायचा. मग एका मुलीला समुद्रापलीकडं जायचं असतं आणि तिच्यासाठी तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर उडतो. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा वाचली होती की त्या पानांचे कोपरे मऊ पडले होते. मला ती तिला सांगायची होती. पण माझ्यापाशी शब्द नव्हते, आणि पुस्तकातलं चित्र तिच्या उपयोगाचं नव्हतं.

म्हणून मी उंट विणायला घेतला. पांढऱ्या दोऱ्याचा उंट तिला कसा कळणार? तो हाताला खरखरीत लागायला हवा. दुकानात पोती शिवायची सुतळी होती, ती अप्पांकडून मागून घेतली. सुतळीवर क्रोशाची सुई चालवणं सोपं नाही, बोटं सोलून निघतात. अंग गोल गोल विणत नेलं, मदार वेगळी करून जोडली, पाय मुद्दाम लांब ठेवले, आत कापूस ठासला. पंख मात्र बारीक मऊ दोऱ्याचे, उंच खांबाच्या टाक्यांचे, मधे मोकळी जाळी. फुंकर घातली की हलतील असे.

तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी चाचपला. आधी पाय मोजले. मग मदार. मग पंखांवर बोटं आली आणि ती थबकली. "रेक्की?" म्हणाली. रेक्की म्हणजे पंख, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "व्हय, रेक्की." मग तिनं तोंडावरून बोट फिरवलं, दोन्ही बाजूंनी, दोनदा. आणि काहीतरी तक्रारीच्या सुरात म्हणाली. मी अव्वांकडं पाहिलं. अव्वा शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण स्वतःच्या डोळ्याला बोट लावून दाखवलं.

मी उंटाला डोळे केले नव्हते. तिला काय करायचे आहेत डोळे, असं मनातही न आणता मी ते सोडून दिले होते. मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी दोन चिंचोके घासून, भोकं पाडून, घट्ट शिवून टाकले.

मग दोन वर्षं आम्ही त्या पुस्तकातले सगळे प्राणी केले. समुद्राच्या तळाशी दिवे लावत हिंडणारी म्हातारी केली, तिच्या हातातला दिवा म्हणजे करवंटीचा तुकडा. झोप न येणारा अस्वलराजा केला, त्याला कांबळ्याची लोकर. रोज दुपारी एक तुकडा गोष्ट. जिथं शब्द अडायचा तिथं मी प्राणी तिच्या हातात द्यायची आणि ती मला शब्द द्यायची. मी थांबले की ती माझ्या पदराला ओढून म्हणायची, "मुंद?" म्हणजे पुढं? दिवसातून वीस-वीस वेळा, "मुंद, वैनी?" त्या घरात मला काहीतरी विचारणारं ते एकच माणूस होतं.

अव्वांना ते आवडत होतं की नाही, मला कळायचं नाही. एकदा शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीनं अस्वलराजा उचलून विचारलं, हे काय, डुक्कर का? सगळ्या हसल्या. अव्वा हसल्या नाहीत. बायका गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की सणासाठी तोरण करायचं राहिलंय, दोरा असा वाया घालवू नको. मी तोरणाला बसले. पण चार दिवसांनी माझ्या सुईजवळ धुऊन पिंजलेल्या कापसाचा एक मोठा पुंजका ठेवलेला दिसला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही.

यजमान वर्षातून दोनदा येत. मला बहिणीला गोष्टी सांगताना आणि तिला प्राणी हातांनी ओळखताना त्यांनी पाहिलं, आणि एकदा त्यांचं पत्र आलं. हैदराबादेत अंध मुलांची शाळा आहे, राहण्याची सोय आहे, बोटांनी वाचायला शिकवतात. हिला पाठवावं. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. अव्वा म्हणाल्या, नको. ते एवढंच, पण दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला बोलावलं.

"तू सांग," ते म्हणाले. "तिला आमच्यापेक्षा तूच जास्त ओळखतीस. ती तिथं राहील का?"

त्या घरात मला कुणी काही ठरवायला सांगितल्याची ती पहिली वेळ होती. मी खाली बघत म्हटलं, "राहील, अप्पा. तिचं डोकं लई चांगलं हाय. पाठवा."

हे मी तिच्या भल्यासाठीच म्हटलं. पण खरं सांगायचं तर मनात आणखी एक गोष्ट होती. एवढी लहान मुलगी तिकडं राहणार, तर तिच्याकडं बघायला कुणीतरी जवळ हवं. यजमान खोली घेतील आणि मला बोलावतील. मी तसं कुणाला बोलले नाही. कुणी तसं सुचवलंही नाही. जूनमध्ये यजमान आले आणि तिला घेऊन गेले. एका पिशवीत मी तिचे सगळे प्राणी भरून दिले. ती रडली नाही. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "वैनी, तिकडं कोण कोण असतंय?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पुष्कळ पोरी असतील." गाडी वळणावरून गेली आणि अव्वा आत जाऊन जात्याशी बसल्या. दळायला काही नव्हतं.

त्यानंतरचे दिवस पहिल्या वर्षापेक्षा अवघड गेले. तेव्हा मला भाषा येत नव्हती. आता येत होती, आणि बोलायला कुणी नव्हतं. दुपारी मी पुस्तक काढून वाचायला बसायची, दोन पानांवर माझं लक्ष उडायचं. विणायला घेतलं तरी तेच. कुणी "मुंद" म्हणत नसेल तर गोष्टीत पुढं जायची गरजच काय, असं वाटायचं. उंबऱ्याशी तिची बसायची जागा मी झाडताना चुकवून झाडायची.

दिवाळीच्या आसपास अप्पांच्या ओळखीचा एक मिरचीचा व्यापारी हैदराबादहून आला. त्यानं शाळेतून एक कागद आणला होता. जाड, पिवळट, त्यावर शाईचं एक अक्षर नाही; नुसते सुईनं टोचल्यासारखे उंचवटे, ओळीनं. पोरीनं स्वतः लिहिलेलं पत्र आहे, एवढंच त्याला माहीत होतं. अप्पांनी ते उजेडाकडं धरून पाहिलं. अव्वांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि कपाळाला लावलं. मग ते माझ्याकडं आलं.

मी ते पत्र कितीतरी दुपारी डोळे मिटून वाचायचा प्रयत्न केला. टाके मला बोटांनी कळतात, अंधारातही कुठं खांब चुकलाय ते मी सांगू शकते. हे ठिपके मात्र बोटांखालून नुसते निघून जात. पण त्यात काय असेल ते मी मनाशी लिहून टाकलं होतं. वैनी, तुझी आठवण येते. वैनी, पुढची गोष्ट कधी सांगशील. हळूहळू मला ते पाठच झालं.

मे महिन्यात ती सुट्टीला आली. उंच झाली होती. गाडीतून कुणाचा हात न धरता उतरली, काठी टेकत पायऱ्या चढली आणि आपली आपण आत गेली. बोलण्यात सगळे हैदराबादचे उर्दू शब्द आले होते. अव्वा तिच्या मागं मागं फिरत होत्या, तिला वाढत होत्या, आणि ती म्हणत होती, "अव्वा, मी घेते, तू बस."

दुपारी मी ते पत्र तिच्यापुढं ठेवलं. "वाच."

तिनं बोटं टेकवली आणि हसली. "हे होय!" मग भरभर वाचलं. साबण संपला. चपला लहान झाल्या. भात खारट असतो. अण्णा, म्हणजे तिचा भाऊ, दर रविवारी येतो, मागच्या रविवारी आला नाही. इथं पेटी आहे, मी वाजवते.

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. तेव्हा एक ओळ टोचायला माझा सगळा तास जायचा, वैनी."

मी हसले. तिला ते ऐकू यावं म्हणून मोठ्यानं हसले. मग प्राण्यांचं विचारलं. ती म्हणाली, अस्वल एका मुलीला दिलं, ती फार रडायची. म्हातारीचा दिवा हरवला. उंट शाळेतल्या कपाटात आहे.

"आमच्या बाईंनी आम्हाला खरा उंट दाखवला," ती म्हणाली. "एक माणूस घेऊन आला होता. आम्ही सगळ्यांनी हात लावला. त्याला पंख नसतात, वैनी. मी सगळ्यांना सांगितलं होतं असतात म्हणून. पोरी लई हसल्या."

"गोष्टीत असतात," मी म्हटलं.

"व्हय, गोष्टीत." ती समजुतीनं म्हणाली. मोठं माणूस लहान पोराशी बोलतं तसं. मग तिनं माझा हात धरला आणि वेताच्या खुर्चीची वीण कशी घालतात ते माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाखवायला लागली. फार सफाईनं दाखवलं. माझ्याकडून एकदा चुकलं तर म्हणाली, "न्हाई, न्हाई, परत." त्या महिन्याभरात तिनं मला एकदाही गोष्ट मागितली नाही. मीही सांगितली नाही. मला तिचा राग आला नाही. तिला पाठवा असं मीच म्हटलं होतं, आणि ती अगदी मी म्हटलं होतं तशीच झाली होती. पण ती समोर बसून पेटीचे सूर तोंडानं म्हणून दाखवत असताना मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं ती नसताना वाटलं नव्हतं.

पुढं ती त्याच शाळेत शिक्षिका झाली. मला हैदराबादेला नेलं ते खूप नंतर, तोवर उदगीर एका राज्यात आणि हळ्ळीखेड दुसऱ्या राज्यात गेलं होतं. आमच्या दोघींचं चांगलं जमलं, आजही जमतं. बाईमाणसाला नणंद अशी मिळावी असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

त्या पहिल्या सुट्टीनंतर जूनमध्ये ती परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा आणि मी अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. हाताची आग होत होती, शिंका येत होत्या. बऱ्याच वेळानं अव्वा बोलल्या. आणि मराठीत बोलल्या, तुटक, शब्द शोधत. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"तुला तुझी अव्वा याद येती?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग म्हटलं, "येते."

"मला बी माझी येती," त्या म्हणाल्या.

त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं, त्यातल्या मिरच्या संपत आल्या होत्या. मी उठून पोत्यातून आणखी काढून आणल्या.